सहा महिन्यांनंतरचे वरचे अन्न : केव्हा, किती घट्ट आणि कोणत्या क्रमाने

सातारा-सांगलीकडच्या घरांत आईच्या दुधाचे महत्त्व आता बहुतेकांना पटलेले आहे. अडचण सुरू होते ती सहा महिन्यांनंतर. जन्मापासून छान वाढणाऱ्या बाळाचे वजन आठव्या-नवव्या महिन्यात अडकते, अंगणवाडीतल्या तक्त्यावरची रेषा आडवी होते आणि मग घरात दृष्ट, दात, हवापाणी अशी सगळी कारणे शोधली जातात. बहुतेक वेळा खरे कारण वाटीत असते. अन्न उशिरा सुरू झालेले असते, किंवा वेळेवर सुरू होऊनही ते इतके पातळ असते की बाळाचे पोट पाण्यानेच भरते.

म्हणून या लेखात सर्वांत जास्त भर अन्नाच्या घट्टपणावर आहे. कोणता पदार्थ आधी द्यावा यावर घरोघरी वाद होतात, परंतु त्या वादाने बाळाच्या वाढीत फारसा फरक पडत नाही. घट्टपणा, रोजची विविधता आणि भरवण्याची पद्धत यांनी मात्र पडतो. खाली दिलेला क्रम वेळेवर जन्मलेल्या, निरोगी बाळासाठी आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, जन्मतः वजन फार कमी असेल किंवा हृदयाचा वा गिळण्याचा काही दोष असेल, तर सुरुवात केव्हा करायची हे बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

टप्पा १ : सुरुवातीची वेळ ठरवणे

बाळाला ६ महिने पूर्ण झाले, म्हणजे साधारण १८० दिवस झाले, की वरचे अन्न सुरू करावे. तोवर आईचे दूध पुरते आणि वेगळे पाणीही लागत नाही, अगदी वैशाखातल्या उन्हातसुद्धा. सहा महिन्यांनंतर बाळाची गरज वाढते आणि केवळ दुधातून ती भागत नाही. विशेषतः जन्माच्या वेळी शरीरात असलेला लोहाचा साठा याच सुमारास संपत येतो.

आपल्याकडे उष्टावण मुलाचे सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करण्याची रीत आहे. त्यामुळे काही घरांत मुलीला पाचव्या महिन्यातच खीर चाटवली जाते, तर काही घरांत मुहूर्त, मामाची सवड आणि पाहुण्यांची सोय जुळेपर्यंत सातवा महिना उलटून आठवा लागतो. मामाच्या मांडीवर बसून पहिला घास घेणारे बाळ पाहणे हा घराचा मोठा आनंद आहे आणि तो कोणी सोडावा असे मुळीच नाही. मात्र उष्टावणाची तारीख आणि अन्न सुरू करण्याची तारीख या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. समारंभ नंतर असेल तरी सहा महिने पूर्ण होताच घरात खिमट, म्हणजे भाजलेल्या डाळ-तांदळाच्या पिठाची मऊ पेज, सुरू करावे. समारंभ सहा महिन्यांच्या आत असेल तर चमचा ओठांना लावून विधी पुरा करावा. उष्टावणाच्या खिरीतून बाळापुरता भाग साखर घालण्याआधीच बाजूला काढून ठेवावा.

*तपासणी :* बाळाची मान पूर्ण धरलेली आहे का? आधार दिल्यावर ते सरळ बसते का? इतरांच्या हातातल्या घासाकडे पाहून ते तोंड उघडते का? चमचा तोंडात गेल्यावर जीभ प्रत्येक वेळी अन्न बाहेर ढकलते का, की थोडे तरी मागे जाते? बाळ या गोष्टी करू लागले म्हणजे ते तयार आहे. सहा महिने उलटूनही मान स्थिर नसेल तर वाट पाहत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

टप्पा २ : पूर्वतयारी

भरवायला लागण्याच्या आदल्या आठवड्यात ही तयारी उरकलेली असावी, कारण बाळ रडत असताना भांडी शोधायला गेले की हाताशी येते ती दुधाची बाटली.

बाळासाठी एक स्टीलची वाटी, एक लहान गुळगुळीत कडांचा चमचा आणि पाण्यासाठी एक छोटा पेला वेगळा ठेवावा. बाटली नको. बाटलीच्या बुचातल्या खोबणी आणि निपल घरगुती धुण्याने पुरेसे स्वच्छ होत नाहीत आणि जुलाबाचे ते मोठे कारण ठरते. बोंडल्याने किंवा पळीने बाळाला पायांवर आडवे घेऊन ओतण्याची जुनी पद्धतही सोडून द्यावी, कारण आडव्या बाळाच्या श्वासनलिकेत अन्न जाण्याचा धोका असतो.

वाटीचे माप आधीच करून ठेवावे. आहाराच्या सूचनांमध्ये ‘वाटी’ म्हणजे २५० मिलिलिटरची वाटी धरलेली असते. आपल्या घरातली आमटीची वाटी बहुधा याहून लहान असते. औषधाच्या मापाने पाणी ओतून आपली वाटी किती मिलिलिटरची आहे ते एकदा पाहावे आणि लक्षात ठेवावे.

पाणी उकळून, गार करून, झाकलेल्या भांड्यात ठेवावे आणि ते ओगराळ्याने काढावे. पावसाळ्यात याबाबत जराही ढिलाई नको. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीत आणि कृष्णाकाठच्या गावांत पिण्याच्या पाण्याचे किती हाल झाले हे आपण पाहिलेले आहे. नदीकाठी राहणाऱ्या कुटुंबांनी तर पावसाळाभर उकळलेलेच पाणी वापरावे.

खिमटाचे पीठ घरी करता येते. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ धुऊन, सावलीत सुकवून, मंद आचेवर खमंग भाजून मिक्सरमध्ये रवाळ दळावी. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात हे पीठ ठेवावे. एका वेळी पंधरवड्यापुरतेच करावे आणि पावसाळ्यात आठवड्यापुरतेच, कारण दमट हवेत त्याला लवकर वास लागतो.

*सावध :* भरवणाऱ्या माणसाचे हात आणि बाळाचे हात, दोन्ही साबणाने धुवायचे आहेत. बाळ वाटीत हात घालणारच, त्यामुळे त्याचेही हात धुतलेलेच हवेत.

टप्पा ३ : पहिले दोन आठवडे

बाळ जागे, ताजेतवाने आणि किंचित भुकेले असताना भरवावे. नुकतेच पोटभर दूध प्यालेले बाळ अन्नाला तोंड लावत नाही आणि भुकेने कासावीस झालेले बाळ चमच्याची वाट पाहत नाही. सकाळची झोप झाल्यानंतरची वेळ बहुतेक बाळांना मानवते. नवा पदार्थ रात्री सुरू करू नये. काही त्रास झालाच तर दिवसा लक्षात येतो आणि दवाखानाही उघडा असतो.

दोन मोठे चमचे खिमटाचे पीठ साधारण एका लहान वाटीभर पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावे आणि मंद आचेवर सतत ढवळत शिजवावे. उतरवल्यावर अर्धा चमचा तूप घालावे. मीठ, साखर, गूळ काही घालू नये. बाळाच्या जिभेला अजून मिठाची ओळखच नसते. अळणी हा त्याच्या लेखी दोष नव्हे. चिमूटभर जिरेपूड किंवा हळद चालते.

पहिल्या दिवशी दोन-तीन छोटे चमचे पुरेत. बाळाला मांडीवर सरळ बसवावे, चमचा खालच्या ओठावर टेकवावा आणि त्याने तोंड उघडेपर्यंत थांबावे. अन्न टाळूला घासून चमचा रिकामा करू नये. ओठ मिटून घास ओढून घेणे बाळाला स्वतः शिकायचे असते. पहिले काही दिवस निम्मे अन्न हनुवटीवरून खाली येईल. त्यात काही बिघडत नाही. बाळ तोंड वेडेवाकडे करते, थबकते, विचारात पडते आणि मग पुन्हा तोंड उघडते. त्या काही क्षणांत घाई करू नये. भरवणाऱ्याला इतके निर्मळ सुख पुढे फार वेळा मिळत नाही.

दोन-तीन दिवसांनी दुसरा पदार्थ आणावा: उकडून कुस्करलेला लाल भोपळा, रताळे, पिकलेले केळे, मऊ वरणभात, ताजे घरचे दही. एका वेळी एकच नवा पदार्थ आणि तो सलग दोन-तीन दिवस, म्हणजे अंगावर पुरळ, उलट्या किंवा जुलाब झाल्यास कारण कळते. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस दिवसातून दोन वेळा खाणे व्हायला हवे. आईचे दूध पूर्वीसारखेच, बाळ मागेल तेव्हा, चालू राहते.

*सावध :* या दिवसांत शीचा रंग, वास आणि घट्टपणा बदलतो. बीट दिले तर लाल दिसते, पालक दिला तर हिरवट. बाळ खेळते आहे, लघवी नेहमीसारखी होते आहे, तर अन्न बंद करण्याचे कारण नाही. शीत रक्त किंवा शेम दिसली, अथवा पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, तर दाखवावे.

टप्पा ४ : घट्टपणा

बहुतेक घरांचे गणित इथेच चुकते.

बाळाच्या जठरात वजनाच्या दर किलोमागे अंदाजे ३० मिलिलिटर एवढेच मावते. आठ किलोच्या बाळाचा विचार केला तर एका खेपेला जेमतेम २४० मिलिलिटर. त्या एवढ्याशा जागेत वरणाचे वरचे पाणी, भाताची निवळ किंवा मटणाचे अळणी, म्हणजे मटण शिजवलेले पातळ पाणी, ओतले, तर पोट तट्ट भरते, बाळ समाधानाने झोपते आणि घरच्यांना वाटते की ते चांगले जेवले. प्रत्यक्षात डाळीतली प्रथिने तळाशी बसलेल्या गाळात राहिलेली असतात, भाताचे सत्त्व शितांत आणि मटणातले लोह तुकड्यांत. आमच्या भागात बाळाला अळणीचे पाणी पाजण्याची मोठी हौस आहे. ते पाणी पाजू नये असे नाही, पण त्याने जेवणाची जागा घेता कामा नये.

घट्टपणाची परीक्षा सोपी आहे. चमच्यात अन्न घेऊन चमचा तिरका करावा. ते लगेच ओघळले तर ते पातळ आहे, चमच्याला धरून राहिले आणि हळूच घसरले तर योग्य आहे. जे पेल्याने पिता येते ते या वयाच्या बाळाचे जेवण नव्हे.

“घट्ट दिले की घशात अडकते,” ही आजीची काळजी मनापासूनची असते आणि तिला उत्तर द्यायला हवे. घट्ट म्हणजे कोरडे नव्हे. गुरगुट्या भात वरणात कालवून चमच्याच्या पाठीने मऊ केला की तो घट्टही असतो आणि घशाखाली सहज उतरतो. मिक्सरमधून काढून गुळगुळीत करणेही पहिल्या दोन-तीन आठवड्यांनंतर थांबवावे, नाहीतर बाळ चावायला शिकत नाही.

नाचणीची पेज फार लवकर घट्ट होते म्हणून तीत पाणी वाढवले जाते आणि पुन्हा तीच चूक होते. यावर मोडाच्या पिठाचा उपाय आहे. नाचणी रात्रभर भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात एक-दोन दिवस बांधून ठेवावी. मोड आले की सावलीत खडखडीत सुकवावी आणि अगदी हलकेच भाजून दळावी. मोड येताना धान्यात पिष्ट पदार्थाचे विघटन करणारे विकर तयार होते. नेहमीची घट्ट पेज शिजवून आचेवरून उतरवावी, थोडी निवली की त्यात अर्धा चमचा मोडाचे पीठ घालून ढवळावे. पाणी न वाढवता पेज काही मिनिटांत सैल होते. मग ती पुन्हा एकदा उकळून घ्यावी. अशा पेजेच्या एका वाटीत साध्या पातळ पेजेपेक्षा कितीतरी जास्त अन्न मावते. पीठ फार कडक भाजले तर विकर नष्ट होते, म्हणून भाजताना हात आवरावा.

प्रत्येक वाटीत एक लहान चमचा तूप, शेंगदाण्याचे तेल किंवा घरचे लोणी घालावे. ५ मिलिलिटर तुपातून सुमारे ४० कॅलरी मिळतात आणि आकारमान वाढत नाही. ‘तुपाने कफ होतो’ म्हणून ते टाळले जाते. तसे टाळण्याचे कारण नाही.

प्रमाणाचा अंदाज असा. ६ ते ८ महिने या काळात दिवसातून २-३ वेळा जेवण, प्रत्येक वेळी दोन-तीन मोठ्या चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू २५० मिलिलिटरच्या वाटीच्या निम्म्यापर्यंत. ९ ते ११ महिने असताना ३-४ वेळा, प्रत्येकी अर्धी वाटी. १२ ते २३ महिने असताना ३-४ वेळा, पाऊण ते एक वाटी. मधल्या वेळी भूक असेल तसे एक-दोनदा फळ किंवा दही. आईचे दूध मिळत नसेल तर जेवणाच्या खेपा वाढवाव्या लागतात आणि कोणते दूध किती द्यायचे हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

*तपासणी :* आज बाळाने जे खाल्ले ते चमच्यावर थांबत होते का? किती वाट्या पोटात गेल्या? वाटीत उरलेले वजा करूनच मोजावे.

टप्पा ५ : रोजची विविधता आणि लोहाचा प्रश्न

सातव्या महिन्यापासून वाटीत अनेक गटांतले अन्न दिसायला हवे. आठ गट धरतात: आईचे दूध, धान्ये व कंदमुळे, डाळी-कडधान्ये-दाणे, दूधदुभते, मांस-मासे, अंडी, पिवळ्या-केशरी रंगाची फळेभाज्या व हिरव्या पालेभाज्या, आणि इतर फळेभाज्या. यांपैकी दिवसभरात किमान पाच गट पोटात जावेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणारी बालके ११ टक्क्यांच्या आसपासच होती, आणि ६ ते ५९ महिन्यांच्या ६७ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. पैसा हे याचे एकमेव कारण नाही. खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांतही बाळ दहा महिन्यांचे होईस्तोवर दूध, बिस्किट आणि वरणाच्या पाण्यावर असते.

आपल्या भागात या गटांसाठी बाहेर शोधायला जावे लागत नाही. शाळूची भाकरी दुधात किंवा वरणात भिजवून कुस्करली की धान्याचा गट झाला. मुगाखेरीज मसूर, मटकी, तूर फिरवून वापरावी. मटकीला मोड आणून, मऊ शिजवून, साले दाबून बाजूला करावीत. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, कुकरमध्ये पुरता गळेपर्यंत शिजवून चाळणीतून दाबून घेतला तर आठव्या महिन्यानंतर छान चालतो. अर्धवट शिजलेला घेवडा मात्र पोटाला बाधतो. शेवग्याचा पाला, मेथी, पालक यांपैकी मूठभर पाने डाळीबरोबरच शिजवावीत.

नाचणीविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे. तिच्यात कॅल्शियम भरपूर असते, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण ‘नाचणी देतो म्हणजे रक्त वाढेल’ हा समज अपुरा आहे, कारण धान्यातले लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. लोहासाठी मांस, यकृत, अंडी आणि डाळी-पालेभाज्या लागतात. जे कुटुंब मांसाहार करते त्याने बाळाला मांसाहारासाठी वर्षभर थांबवू नये. सहा महिन्यांनंतर पूर्ण शिजवलेले अंडे, पिवळा आणि पांढरा दोन्ही भाग, कुस्करून देता येते. कोंबडीचे किंवा मटणाचे तुकडे मऊ शिजवून, बारीक वाटून भातात कालवावेत. शाकाहारी घरांनी डाळ-पालेभाजीच्या वाटीत लिंबाचे दोन-चार थेंब पिळावेत किंवा सोबत पेरूचा बिया काढलेला मऊ गर द्यावा. क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते.

याच कारणासाठी चहा पूर्ण वर्ज्य. बशीतल्या चहात बुडवलेले बिस्किट बाळाच्या तोंडात देणे हा आपल्याकडे लाड समजला जातो, पण चहातील टॅनिन लोहाचे शोषण अडवते आणि बिस्किटाने जेवणाची भूक मरते.

लोहाचे औषधही चुकवू नये. शासनाच्या कार्यक्रमात ६ महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोह-फॉलिक ॲसिडचे द्रावण दिले जाते आणि ते आशा सेविकेकडे मिळते. जेवणानंतर द्यावे, दुधाबरोबर देऊ नये आणि ताप किंवा आजारपणात थांबवावे. शी काळी होते. त्याने घाबरण्याचे कारण नाही.

शेंगदाणा हा आपल्या स्वयंपाकाचा आधार आहे. त्याला उशीर लावल्याने ॲलर्जी टळत नाही, उलट ती वाढू शकते असे आता दिसून आले आहे. अगदी बारीक, गुळगुळीत वाटलेला कूट पेजेत नखभर घालून सुरुवात करावी. बाळाला अंगभर तीव्र इसब असेल किंवा अंड्याने आधी त्रास झालेला असेल तर मात्र हे डॉक्टरांना विचारून करावे.

थांबा : या गोष्टी देऊ नयेत

एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध चाटवू नये, मग तो महाबळेश्वर-मांघरकडचा कितीही शुद्ध असो. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, मध उकळला तरी ते मरत नाहीत आणि लहान बाळाच्या आतड्यात ते विष तयार करतात. शुद्धतेचा इथे काही संबंध नाही.

वर्षाच्या आत गाईम्हशीचे दूध मुख्य पेय म्हणून नको. दही, किंवा भाकरी भिजवण्यापुरते दूध चालते. पाहुण्यांनी आणलेला साताऱ्याचा कंदी पेढा बाळाच्या ओठाला लावण्याचा मोह आवरावा. बाळगुटी सहाणेवर उगाळून रोज देण्याचीही गरज नाही. सहाण, पाणी आणि मुळ्या यांतून जंतुसंसर्ग होतो आणि औषधाची मात्रा कोणालाच ठाऊक नसते.

टप्पा ६ : गाठी, हातातले घास आणि ठसका

आठव्या महिन्यापासून बोटांनी धरता येतील असे मऊ तुकडे पुढे ठेवावेत: उकडलेल्या गाजराची लांब फोड, केळ्याचा तुकडा, तुपात भिजलेला मऊ पोळीचा घास, इडली. तुकडा अंगठा आणि बोट यांच्या मध्ये दाबल्यावर चिरडला गेला पाहिजे. दात आलेले नसले तरी हिरड्या हे काम करतात. नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत केवळ गुळगुळीत अन्नच मिळालेली बाळे पुढे गाठी पाहून ओकारी काढतात आणि जेवणाशी त्यांचे भांडण वर्षानुवर्षे चालते. त्यामुळे हा टप्पा पुढे ढकलू नये.

या काळात घर घाण होते, कपडे माखतात. खाली जुनी चादर अंथरावी आणि सांडू द्यावे. भाकरीचा तुकडा तासभर चघळणारे बाळ डोळ्यांचा, हाताचा आणि तोंडाचा मेळ शिकत असते.

घशात अडकणारे पदार्थ आपल्या जिल्ह्यांत हातोहाती असतात, म्हणून ते नावानिशी सांगतो. तासगावची द्राक्षे अख्खी कधीच देऊ नयेत; उभ्या चार फोडी करून, साल व बी काढून द्यावीत. बेदाणे भिजवून वाटूनच. भडंग, चिरमुरे, फुटाणे, अख्खे शेंगदाणे, कच्च्या गाजराचे तुकडे, आटपाडीकडच्या डाळिंबाचे मूठभर दाणे, चॉकलेटच्या गोळ्या यांपासून बाळाला लांब ठेवावे. अख्खे शेंगदाणे तर चार-पाच वर्षांपर्यंत नकोत. मोठी भावंडे प्रेमाने आपल्यातला घास धाकट्याला भरवतात, म्हणून हा नियम त्यांनाही समजावून सांगावा.

*सावध, ठसका आणि गुदमरणे यांतला फरक :* बाळ खोकते, आवाज करते, चेहरा लाल होतो, अन्न पुढे येते. हा ठसका आहे. शांत राहावे, पाठीवर थापट्या मारू नयेत, बोट घालू नये. बाळाचा आवाज बंद झाला, खोकताही येईना, ओठ निळसर दिसू लागले तर ते गुदमरते आहे. वर्षाच्या आतील बाळाला हातावर पालथे, डोके छातीपेक्षा खाली ठेवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ ठोके द्यावेत. मग उताणे करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, दोन बोटांनी ५ वेळा दाबावे. पदार्थ निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे आणि दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन करावा. बाळ निपचित पडले तर लगेच छातीवर दाब व कृत्रिम श्वास सुरू करावा. दिसत नसलेला पदार्थ आंधळेपणाने बोटाने काढू नये, तो आणखी खोल जातो. भरवताना बाळ बसलेलेच असावे आणि कोणीतरी मोठे माणूस शेजारी असावे.

टप्पा ७ : भरवणारे हात बदलतात तेव्हा

द्राक्षांच्या छाटणीला, ऊसतोडीला किंवा मिरज-सांगलीत नोकरीला जाणारी आई बाळाला आजीकडे सोपवते. अशा वेळी दोन गोष्टी बिघडतात. सकाळी शिजवलेले अन्न दुपारपर्यंत तसेच राहते आणि बाळाने किती खाल्ले हे संध्याकाळी कोणी सांगू शकत नाही.

शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत संपवावे, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. म्हणून आईने जाण्यापूर्वी खिमटाचे पीठ मोजून लहान डब्यांत भरून ठेवावे; आजीने फक्त ताजे शिजवावे. बाळाने चमचा घातलेले उष्टे अन्न नंतरसाठी ठेवू नये. फडावर किंवा शेतात बाळ सोबत असेल तर केळे आणि वेळेवर उकडलेले, न फोडलेले अंडे ही सोबत नेण्याजोगी सर्वांत सुरक्षित शिदोरी आहे.

आजीशी बोलताना तिची पद्धत चुकीची ठरवत बसू नये. तिला चमचा तिरका करून दाखवावा, डाळीचा गाळ दाखवावा. बाळावरचा तिचा जीव आणि तिचा हात दोन्ही आपल्याला हवे आहेत.

अंगणवाडीतून ६ महिने ते ३ वर्षे वयाच्या बालकांना घरपोच आहार मिळतो. ती पाकिटे घरात सगळ्यांसाठी शिजवली जातात आणि बाळाच्या वाट्याला दोन चमचे येतात. ती बाळासाठीच ठेवावीत.

मोबाइल दाखवत भरवण्याची सवय बहुधा याच टप्प्यावर लागते. पडद्याकडे पाहणारे बाळ भूक आणि तृप्ती ओळखायला शिकत नाही. नाक दाबून, हात धरून कोंबणे तर मुळीच नको. तोंड फिरवणे, ओठ मिटणे, चमचा ढकलणे म्हणजे पोट भरले, तिथे थांबावे. नाकारलेला पदार्थ काही दिवसांनी पुन्हा पुढे करावा. एखादी चव आवडायला आठ-दहा वेळा समोर यावी लागते, आणि बहुतेक घरांत ती दोन वेळांतच रद्द होते.

*तपासणी :* दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून माता व बाल संरक्षण कार्डावरच्या तक्त्यात ठिपका मांडून घ्यावा. शेजारच्या बाळाशी तुलना करू नये. आपल्या बाळाची रेषा वर चालली आहे का तेवढे पाहावे. ९ महिन्यांनंतर गोवर-रुबेलाची लस आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस असतो, त्याच दिवशी परिचारिकेला बाळ काय व किती खाते तेही सांगावे. दोन महिने रेषा आडवी राहिली तर टॉनिक आणण्याआधी टप्पा ४ पुन्हा वाचावा आणि बाळ डॉक्टरांना दाखवावे.

टप्पा ८ : आजारपणातले खाणे

ताप किंवा जुलाब झाले की अन्न तोडण्याची पद्धत घातक आहे. आजारी बाळाला आईचे दूध अधिक वेळा द्यावे आणि नेहमीचेच मऊ अन्न थोडे थोडे, जास्त खेपांनी भरवावे. जुलाबात दर पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर ओआरएस चमच्या-चमच्याने पाजावे. एका लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच मिसळावे. अंदाजाने पेल्यात थोडी पूड टाकू नये. सहा महिन्यांवरील बाळाला जस्ताची २० मिलिग्रॅमची गोळी १४ दिवस द्यायची असते, जुलाब आधी थांबले तरीही.

बाळ सुस्त झाले, काहीच पिईना, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शीत रक्त दिसले तर घरी उपचार करत बसू नये. बरे झाल्यानंतर पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्यावे. आजारात घटलेले वजन याच काळात भरून येते, आणि नेमका तोच काळ सगळे विसरतात.

टप्पा ९ : वर्षानंतर घरच्या ताटात

पहिल्या वाढदिवसानंतर बाळाने घरच्यांबरोबर जेवायला बसावे. वेगळा स्वयंपाक थांबवावा, पण तिखट-मीठ घालण्याआधी त्याचा वाटा काढावा. मसाल्याची सवय चिमटीचिमटीने होऊ द्यावी. ताट मात्र त्याचे स्वतंत्र असावे. एकाच ताटात भावंडांबरोबर बसवले की त्याच्या पोटात किती गेले ते कळत नाही.

आईचे दूध दोन वर्षे आणि त्यापुढेही चालू ठेवता येते. गाईम्हशीचे दूध आता चालते, पण दिवसभरात अर्ध्या लिटरपेक्षा जास्त नको. त्याहून अधिक दूध पिणारी मुले जेवत नाहीत आणि त्यांच्यात लोहाची कमतरता होते. ‘जेवत नाही म्हणून दूध देतो’ असे सांगणाऱ्या बहुतेक घरांत गोष्ट उलटी असते. तिथे आधी दुधाचे माप कमी करावे, बाटली सुटलेली नसेल तर ती काढून पेला द्यावा, आणि मग आठवडाभर जेवण कसे होते ते पाहावे.